शुक्रवारचा फिश फ्राय, माजी सैनिकांचा हॉल, विस्कॉन्सिन (2016 च्या निकालानंतरच्या शुक्रवारसकट)

आधी खाण्याचं सांगून टाकते, ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी तेवढंच वाचा. तीन पीस कॉड, बिअर घालून भिजवलेल्या पिठात बुडवून तळलेला, वरचं आवरण पातळ आणि कुरकुरीत, आतला मासा पांढराशुभ्र, काटा टेकवला की पाकळ्या सुटतात. सोबत कोलस्लॉ, बटर लावलेले राय ब्रेडचे दोन स्लाइस, टार्टर सॉसची छोटी वाटी, लिंबाची फोड. बटाट्यात फ्राइज किंवा पोटॅटो पॅनकेक असा चॉइस असतो, डोळे झाकून पॅनकेक घ्या. किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच ते, कडेला जाळीदार आणि मधे मऊ, त्याबरोबर सफरचंदाचा सॉस देतात, पहिल्यांदा मला विचित्र वाटलं होतं आणि आता त्याशिवाय पॅनकेक घशाखाली उतरत नाही. तळ्यातला पर्च मिळाला तर कॉड सोडा आणि पर्च घ्या, छोटे छोटे तुकडे असतात, गोडसर चव, पण लवकर संपतो. 2016 मध्ये कॉडची प्लेट 12 डॉलरला होती, मागच्या खेपेला गेलो तेव्हा 16 झाली होती, तरी बाहेरच्या सपर क्लबपेक्षा (तिकडची संध्याकाळच्या जेवणाची रेस्टॉरंटं) स्वस्तच.

गावाचं आणि हॉलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिथल्या साध्या माणसांबद्दल आहे आणि त्यांना कोणी शोधत यावं असं मला वाटत नाही. फॉक्स नदीच्या काठचं पेपर मिलचं गाव एवढंच सांगते. असे हॉल तिकडे गावोगाव आहेत, कुठे व्हीएफडब्ल्यूचे, कुठे अमेरिकन लीजनचे. व्हीएफडब्ल्यू 1899 ची संघटना, देशाबाहेरच्या लढाईत गेलेल्यांची, लीजन 1919 ची. मेंबर व्हायला सैन्यात असावं लागतं पण शुक्रवारचं जेवण सगळ्यांना खुलं, दारात कोणी तुम्हाला कार्ड विचारत नाही. आम्ही 2012 ला तिथे राहायला गेलो, नवरा पेपर मशिनरीचा इंजिनिअर, मुलगी तेव्हा दोन वर्षांची. शेजारी एक आजोबा राहायचे, कोरियाच्या युद्धातले मरीन (मरीन कोअर ह्या अमेरिकेच्या लढाऊ दलातले सैनिक), त्यांनीच पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ न सांगता काढून दिला आणि त्याच आठवड्यात आम्हाला फिश फ्रायला घेऊन गेले. तेव्हापासून महिन्यातून दोन शुक्रवार तरी आम्ही तिथे.

हॉल दिसायला साधा आहे. बाहेर झेंडा, आत कमी उंचीचं छत, लांब फोल्डिंग टेबलं आणि त्यावर प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, एका बाजूला बार. किचनमध्ये सगळे व्हॉलंटिअर, मेंबरांच्या बायका, मुली, सुना, आणि तळणीवर एक रिटायर्ड ट्रकवाले काका जे तेलाकडे असं बघतात जसं आमच्याकडे सुगरण बाई कढईकडे बघते. तेल वारंवार बदलतात, ते चवीत कळतं. माशाचे पैसे हॉलच्या छपराला, गावात कोणी माजी सैनिक गेला तर अंत्यविधीला बंदुकीची सलामी देणाऱ्या पथकाला, आणि एखाद्याचं भाडं थकलं तर त्याला असे जातात. शुक्रवारी मासा हे तिकडच्या जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोकांमुळे आलं, शुक्रवारी मटण-चिकन नाही म्हणून मासा, आणि 1920 ते 33 दारूबंदी होती तेव्हा बारवाल्यांनी धंदा टिकवायला तेच धरलं. आजही विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी गाव कुठे आहे असं कोणी विचारलं तर गाव मासा खायला गेलंय.

दाराजवळ एक छोटं गोल टेबल कायम मांडलेलं असतं त्याबद्दल सांगायलाच हवं. पांढरं कापड, एक लाल गुलाब, बशीत लिंबाची चकती आणि चिमूटभर मीठ, उलटा ठेवलेला ग्लास, मेणबत्ती आणि रिकामी खुर्ची. युद्धातून परत न आलेल्यांसाठी, शत्रूच्या कैदेत राहिलेल्यांसाठी. लिंबू म्हणजे त्यांच्या नशिबाचा कडवटपणा, मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू. त्या खुर्चीत कोणी बसत नाही, कितीही गर्दी असली तरी तिच्यावर कोट टाकत नाही.

आता त्या शुक्रवारचं, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

8 नोव्हेंबर 2016, मंगळवार. आम्हाला मत नव्हतं, एच-वन-बीवर होतो, पण रात्री जागलो सगळे. विस्कॉन्सिन हिलरी क्लिंटनचंच असं सगळे धरून चालले होते, 1984 ला रेगन जिंकले त्यानंतर रिपब्लिकन उमेदवाराला हे राज्य मिळालंच नव्हतं, मार्क्वेट युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलच्या शेवटच्या पोलमध्ये क्लिंटन 46 ला आणि ट्रम्प 40 ला होते, आणि मुख्य निवडणुकीच्या प्रचारात क्लिंटनबाई आमच्या राज्यात एकदाही आल्या नाहीत इतकी खात्री. मग आमच्या घड्याळात रात्री दीडच्या सुमारास एपी वृत्तसंस्थेने विस्कॉन्सिन ट्रम्पना दिलं आणि त्याच आकड्याने ते 270 च्या (अध्यक्ष व्हायला राज्याराज्यांतून मिळवावी लागणारी इलेक्टोरल मतं) पार गेले, म्हणजे देशाचा निकाल आमच्याच राज्यावर लागला. फरक किती तर 22,748 मतांचा, जवळपास तीस लाख मतांमध्ये. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया पण तसेच निसटते. देशभरात क्लिंटनना 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि तरी त्या हरल्या, हे मुलीला समजावताना माझी पार दमछाक झाली.

बुधवारी सकाळी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एका माणसाने गाडीची काच खाली करून मला काहीतरी ओरडून सांगितलं. काय ते लिहीत नाही. चार वर्षांत तिथे पहिल्यांदा असं झालं होतं. माझ्या पोटात जो गोळा आला तो शुक्रवारपर्यंत गेला नाही, आणि मी ठरवलं की ह्या शुक्रवारी फिश फ्रायला जायचं नाही, कारण टीव्हीवर दिवसभर एकच आकडा दाखवत होते, एक्झिट पोलमध्ये माजी सैनिकांपैकी 60 टक्के ट्रम्पकडे आणि 34 टक्के क्लिंटनकडे. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं की हॉलमध्ये जल्लोष चालू असणार आणि आम्ही तिघं दारात उभे. संध्याकाळी पाचला आजोबा दारात. कोट, टोपी, छातीवर जुनी पदकं, कारण त्या दिवशी 11 नोव्हेंबर होता, व्हेटरन्स डे, 1918 ला पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस. मी म्हटलं आज नको. ते म्हणाले, "शुक्रवार आहे ना? मग चला, मी गाडी चालू ठेवलीय." 85 वर्षांचा माणूस थंडीत गाडी चालू ठेवून उभा आहे, काय नाही म्हणणार.

आत गेलो तर जल्लोष नाही आणि रडारड पण नाही. इतका शांत हॉल मी आधी कधी पाहिला नव्हता, काट्याचमच्यांचा आवाज येत होता. बारवरच्या टीव्हीवर फुटबॉल लावून ठेवलं होतं, बातम्या कोणीतरी मुद्दाम बंद केल्या होत्या. संघटना कुठल्याच पक्षाची नाही हा त्यांचा नियमच आहे आणि हॉलमध्ये प्रचाराचे बिल्ले वगैरे लावून कोणी येत नाही, पण मनातलं कुठे लपतं. नेहमी एका टेबलावर बसणारे व्हिएतनामवाले तिघे त्या दिवशी दोन टेबलांवर होते.

त्यांच्यातले एक पेपर मिलमध्ये 30 वर्षं काम केलेले, शिफ्ट बंद झाली तेव्हा घरी बसले. ते खूश होते आणि ते लपवत पण नव्हते. आम्ही बसल्यावर स्वतःच येऊन बोलले, की बघ, मला तो माणूस म्हणून आवडत नाही, माझ्या मुलीला मी त्याच्याबरोबर कॉफीला पाठवणार नाही, पण मला कानाच्या तपासणीसाठी व्हीएने किती महिने थांबवलं ते विचार. व्हीए म्हणजे माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं, हॉस्पिटलं त्याच्याकडे असतात. 2014 ला फिनिक्समध्ये वेटिंग लिस्टमध्ये फेरफार करून खरा उशीर लपवल्याचं बाहेर आलं, मंत्री शिन्सेकींना राजीनामा द्यावा लागला. मग 2015 च्या जानेवारीत आमच्या विस्कॉन्सिनच्याच टोमाच्या हॉस्पिटलची बातमी आली, पेनकिलरच्या गोळ्या भरमसाट लिहून देतात अशी. 2014 ला काँग्रेसने चॉइसचा कायदा केला होता, व्हीएच्या दवाखान्यापासून 40 मैलांच्या पलीकडे राहत असाल किंवा 30 दिवसांत अपॉइंटमेंट मिळत नसेल तर बाहेरचा डॉक्टर चालेल म्हणून, पण काका म्हणत होते की कागद कायद्यापेक्षा हळू चालतात. मला तोवर वाटायचं की ह्या लोकांनी ट्रम्पना मत दिलं ते झेंडा आणि मोठमोठ्या बोलण्यामुळे. त्या काकांनी दिलं होतं ते कानामुळे. तोफखान्यात होते ते, डावा कान गेलाय, म्हणून ते नेहमी भिंतीला डावी बाजू करून बसतात, हे मला चार वर्षांत त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या टेबलावर त्यांचे जुने दोस्त, व्हिएतनाममध्येच होते, हेलिकॉप्टरवर मेडिक. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, ती त्या गोल टेबलाजवळ उभी राहून विचारत होती ग्लास उलटा का ठेवलाय. ते उठून गेले, गुडघ्यावर बसले, तिला सांगितलं की हे लोक आपल्याबरोबर ग्लास उचलायला आज येऊ शकत नाहीत म्हणून. एवढं बोलले आणि तिथेच बसून राहिले, उठेचनात. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याने मॅकेनबद्दल काय म्हटलं माहितीय ना?" माहीत होतं. जुलै 2015 मध्ये आयोवात ट्रम्प म्हणाले होते की जॉन मॅकेन काही वॉर हीरो नाहीत, मला पकडले न गेलेले लोक आवडतात. मॅकेन साडेपाच वर्षं उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते. आणि ट्रम्पना व्हिएतनामच्या वेळी पाच वेळा सवलत मिळाली, चार वेळा शिक्षणासाठी, एकदा टाचेच्या हाडासाठी. काका म्हणाले सवलतीचं मला काही नाही, ज्याला जमलं त्याने घेतली, बिल क्लिंटन पण गेला नाही, मी पण घेतली असती मिळाली असती तर. पण ह्या खुर्चीबद्दल तसं बोललेला माणूस आता आपला कमांडर इन चीफ, आणि माझ्या मित्राला ते चालतं, हे मला गिळता येत नाहीये. त्यांना निकालाचं दुःख कमी आणि मित्राचं जास्त होतं असं मला वाटलं. दोघांच्या मधे दोन टेबलं आणि एक केचपची बाटली, तेवढंच अंतर, आणि कोणी उठत नव्हतं.

तिघांतल्या तिसऱ्यांना कोणाला मत दिलं विचारलं तर म्हणाले गॅरी जॉन्सन, म्हणजे तिसऱ्याच, लिबर्टेरियन पक्षाचा उमेदवार. त्यावर दोन्ही टेबलांवरनं त्यांना बोलणी बसली. त्या राज्यात जॉन्सनना एक लाखाच्या वर मतं पडली होती म्हणजे असे बरेच असणार.

इराकवाला मुलगा (मुलगा म्हणते, पस्तिशीचा होता) विस्कॉन्सिनच्या नॅशनल गार्डमधला, 2009-10 ला त्यांची 32 वी ब्रिगेड, रेड ॲरोवाली, तीनेक हजार लोक इराकला गेले होते त्यातला. त्याने ट्रम्पना मत दिलं होतं आणि कारण अगदी उलटं, की हा माणूस उघड म्हणतो इराकचं युद्ध ही चूक होती, आणि क्लिंटननी 2002 ला सिनेटमध्ये त्या युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं. तो म्हणाला, 15 वर्षं झाली, तीच माणसं परत परत जातायत, माझ्या गल्लीतला एक चार वेळा गेला, आणि शहरातल्या लोकांना आठवत पण नाही की युद्ध चालूय. पुढे 2017 मध्ये डग्लस क्रायनर आणि फ्रान्सिस शेन ह्या दोन प्राध्यापकांचा पेपर आला, ज्या भागांतले जवान इराक-अफगाणिस्तानात जास्त मेले तिथे ट्रम्पना जास्त मतं गेली असं त्यांना दिसलं, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियातली जीवितहानी थोडी कमी असती तर निकाल पालटला असता असा त्यांचा हिशोब. मी तो वाचला तेव्हा मला आकडे दिसलेच नाहीत, तो मुलगा दिसला, कोलस्लॉ नुसता चमच्याने ढवळत बसलेला.

कारण त्याला एक गोष्ट खात होती आणि ती त्याने अर्धा ग्लास बिअर झाल्यावर सांगितली. त्याचा इराकी दुभाषा. वर्षभर त्याच्या गाडीत मागे बसायचा, दोनदा त्याच्यामुळे ह्यांचा जीव वाचला, आणि आता त्याच्या स्पेशल व्हिसाचा अर्ज अडकला होता. डिसेंबर 2015 ला ट्रम्प म्हणाले होते की मुसलमानांना देशात येणं पूर्ण बंद करा. "ते भाषणातलं आहे, दुभाष्यांना थोडीच लागू करतील," असं तो मला सांगत होता आणि मला कळत होतं की तो स्वतःलाच सांगतोय. मी काय बोलणार, मी स्वतः व्हिसावर. आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो आणि त्याने त्याच्या प्लेटमधला पॅनकेक माझ्या मुलीला दिला.

हेलमंडवाली मुलगी सगळ्यात शेवटी आली. मरीन, अफगाणिस्तानात बायकांची जी पथकं गावागावात जाऊन तिथल्या बायकांशी बोलायची त्यात होती. बायकांना लढाईतल्या सगळ्या नोकऱ्या खुल्या करायचा निर्णय डिसेंबर 2015 ला तेव्हाचे संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी जाहीर केला होता, अजून वर्ष पण झालं नव्हतं, आणि तिला भीती की आता ते मागे घेतील. ती रडत नव्हती, संतापली होती. कोट न काढता बारजवळ उभी राहून मिलवाल्या काकांना तिने सगळ्यांसमोर विचारलं, बायकांबद्दल तो जे बोलला ती टेप तुम्ही ऐकली ना, आणि तरी? काकांनी खाली बघितलं. मग म्हणाले, ऐकली. पुढे काहीच म्हणाले नाहीत. मला वाटलं आता भांडण होणार, माझ्या नवऱ्याने मुलीचा कोट हातात पण घेतला होता.

आणि तेवढ्यात किचनमधनं केक आला. मरीन कोअरचा वाढदिवस 10 नोव्हेंबरला असतो, 1775 चा, हॉलमध्ये ते दुसऱ्या दिवशी व्हेटरन्स डेला जोडून करतात. तलवारीने केक कापतात, आणि प्रथा अशी की तिथे हजर असलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या मरीनने सगळ्यात तरुण मरीनच्या हातात तुकडा द्यायचा. सगळ्यात म्हातारे आमचे आजोबा. सगळ्यात तरुण ती. तिच्या चेहऱ्यावर अजून रागाची लाली, आजोबांचे हात थरथरत होते त्यामुळे कागदी प्लेट हलत होती, त्यांनी प्लेट पुढे केली आणि तिने दोन्ही हातांनी घेतली, म्हणजे प्लेट नाही, आधी त्यांचे हातच धरले थरथर थांबेपर्यंत आणि मग प्लेट. पांढऱ्या आयसिंगवर लाल आणि सोनेरी रंग, तिच्या अंगठ्याला लागला होता तो. टाळ्या झाल्या. मिलवाले काका पण उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, केक खाल्ला, उरलेले पैसे टिपच्या बरणीत टाकले आणि निघून गेली. मिठी वगैरे काही झाली नाही.

परत येताना गाडीत मी आजोबांना विचारलं तुम्हाला काय वाटतं निकालाचं. त्यांनी कोणाला मत दिलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणाले, "मी 17 वर्षांचा होतो, 1948 ला. सगळे म्हणत होते ड्यूई जिंकणार, शिकागोच्या पेपरने तर छापून पण टाकलं. सकाळी उठलो तर ट्रूमन. माझ्या बापाला इतका आनंद झाला की त्याने शेजाऱ्याला बिअर पाजली. दोन वर्षांनी त्याच ट्रूमनने मला कोरियात पाठवलं." ते कोरियातल्या चोसिनच्या लढाईत होते, 1950 चा हिवाळा, पायाची दोन बोटं तिथेच राहिली. मग बराच वेळ वायपरचा आवाज. मग म्हणाले, कोण जिंकलं हे मला एक दिवस महत्त्वाचं वाटतं, नंतर मी बघतो तो कोणाला कुठे पाठवतो.

हे मी इतकं लांबण लावून लिहितेय कारण टीव्हीवरच्या 60 आणि 34 मध्ये ह्यातलं काहीच दिसत नव्हतं. मी ज्या हॉलची भीती धरून बसले होते त्या हॉलमध्ये प्रत्येक जण निकालाकडे आपापल्या युद्धातनं बघत होता. कोणाचा कान, कोणाची रिकामी खुर्ची, कोणाचा दुभाषा, कोणाची नोकरी. आणि आमच्याशी कोणी वेगळं वागलं नाही, उलट बारवाल्या मावशींनी मुलीच्या किडी कॉकटेलमध्ये (लहान मुलांचं बिनदारूचं गोड पेय) दोन चेऱ्या जास्त टाकल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या, एक शब्द न बोलता. ग्रोसरीच्या पार्किंगचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसत असणार.

सगळं गोड गोड झालं असं पण नाही. हरणांच्या शिकारीचा सीझन 19 नोव्हेंबरला सुरू झाला, त्यात दोन आठवडे हॉल निम्मा रिकामा असतो, त्यानंतर हेलमंडवाली परत आली आणि हळूहळू बोलायला लागली. पण मेडिक काका आणि मिलवाले काका परत एका टेबलावर बसायला पुढचा ईस्टर उजाडला. फेरमोजणी झाली डिसेंबरात, त्यात ट्रम्पची आघाडी उलट 131 मतांनी वाढली, त्यावरनं पण एकदा आवाज चढले. आणि इराकवाला मुलगा, 27 जानेवारी 2017 ला सात देशांच्या लोकांना बंदीचा आदेश निघाला, इराक त्यात होता, त्या शुक्रवारी तो आला, जेवण न घेता बारशी उभा राहून परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या विमानतळावर एका इराकी दुभाष्याला अडवून ठेवल्याची बातमी सगळीकडे होती. पुढच्या आठवड्यात सैन्याबरोबर काम केलेल्या इराकींना त्यातून वगळलं आणि मार्चच्या नव्या आदेशात इराकच नव्हतं, पण त्याच्या माणसाला यायला पुढे दीड वर्ष लागलं. आला तेव्हा त्याला पहिल्यांदा कुठे आणलं असेल, ह्याच हॉलमध्ये. मेडिक काकांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि मिलवाल्यांनी प्लेट आणून दिली. दुभाष्याला पर्च फार आवडला.

एक गोष्ट अजून, जी संघटनेबद्दल मला मनापासून आवडली. 2016 च्या जुलैत क्लिंटन आणि ट्रम्प दोघंही व्हीएफडब्ल्यूच्या शार्लटच्या अधिवेशनात लागोपाठच्या दिवशी बोलून गेले, दोघांनाही ऐकून घेतलं. मग आठवड्याभरात ट्रम्प खिझर खान आणि त्यांच्या पत्नीबद्दल वाकडं बोलले, ज्यांचा मुलगा कॅप्टन हुमायूं खान 2004 ला इराकमध्ये मारला गेला, तर व्हीएफडब्ल्यूच्या राष्ट्रीय कमांडरनी 1 ऑगस्टला जाहीर निवेदन काढलं की शहिदाच्या आईवडिलांना बोलणं आम्ही खपवून घेणार नाही, निवडणुकीचं वर्ष असो वा नसो. मेंबर बहुतेक त्याच उमेदवाराला मत देणार हे दिसत असताना काढलं.

आता कमी काय आहे ते पण सांगते. शाकाहारी माणसाचे हाल आहेत, पॅनकेक, कोलस्लॉ आणि ब्रेड एवढ्यावर भागवावं लागतं, आणि पॅनकेक त्याच किचनमध्ये होतात त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी विचार करा. कार्ड घेत नाहीत, फक्त रोख. लेंटच्या (ईस्टरआधीचा ख्रिश्चनांचा उपवासाचा काळ) शुक्रवारी 45 मिनिटं थांबावं लागलंय, आणि थांबायला बारशिवाय जागा नाही. आवाज घुमतो, ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत त्यांनी कोपऱ्यातलं टेबल मागून घ्या. कपड्यांना तळणाचा वास लागतो तो दोन धुण्यांनंतर जातो. कॉफी पाणीदार. पण ब्रँडी ओल्ड फॅशन्ड चांगलं करतात, तिकडे ते व्हिस्कीचं करत नाहीत, ब्रँडी, साखर, संत्र्याची फोड, चेरी आणि वरून गोड सोडा, एक पुरतं. जेवणानंतर मीट रॅफल असतो, एक डॉलरचं तिकीट, नंबर लागला तर बेकन किंवा रोस्टचं पाकीट, आम्हाला नऊ वर्षांत दोनदा लागलं.

आम्ही 2021 ला तिथून हललो. आजोबा 2019 ला गेले, त्यांच्या बंदुकीच्या सलामीला तीन फैरी झाल्या आणि त्यांच्या रिकाम्या काडतुसातलं एक माझ्या मुलीच्या कपाटात आहे. विस्कॉन्सिन 2020 ला 20,682 मतांनी बायडेनकडे गेलं, 2024 ला 29,397 नी परत ट्रम्पकडे आलं, म्हणजे हॉलमध्ये कोणीतरी खट्टू असणारच प्रत्येक वेळी. मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा तळणीवर ट्रकवाल्या काकांचा नातू होता, पीठ किंचित जाड झालंय, मी सांगितलं तसं, तो म्हणाला आजोबा पण हेच म्हणतात. मेडिक आणि मिलवाले एकाच टेबलावर होते, डावी बाजू भिंतीला. हेलमंडवाली आता काऊंटीच्या माजी सैनिक सेवा ऑफिसात काम करते, विस्कॉन्सिनच्या प्रत्येक काऊंटीत असं ऑफिस असतं, क्लेमचे कागद भरायला मदत करतात, आणि मिलवाल्यांच्या कानाच्या मशीनचा कागद तिनेच भरून दिला असं त्यांनीच मशीन दाखवत सांगितलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कॉफीसाठी आणि लेंटच्या रांगेसाठी कापला. दार साडेचारला उघडतं, पर्च सहापर्यंत संपतो, रोख पैसे न्या, आणि दारातल्या गोल टेबलाच्या खुर्चीवर कोट टाकू नका.